काचेमागचा दुभाषी

मंगळवारी रात्री अकरा वाजता मी माझ्या आयपॅडला विचारलं, तुझा प्रोसेसर कोणत्या जातकुळीचा? आणि त्याने काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उत्तर दिलं: आय ६८६.

मी ते दोनदा वाचलं. मग भाच्याला फोन लावला. तो बंगळूरला असतो, त्या वेळी जागाच असतो.

"अरे, हा म्हणतोय मी इंटेलचा आहे!"

तिकडून हसण्याचा आवाज आला. "मावशी, तो खोटं बोलतोय. म्हणजे त्याला तसं सांगायला लावलंय. का ते शोधून काढ. तुला आवडेल."

शोधून काढलं! चार रात्री धड झोप नाही, पण शोधून काढलं, आणि आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. प्रुफं पीडीएफ होऊन येतात, मी आयपॅडवर पेन्सिलने खुणा करते आणि परत पाठवते. सध्या एका जाडजूड प्रवासवर्णनाची नवी आवृत्ती हाताशी आहे, सुमारे १,८०,००० शब्दांची. इतक्या मजकुरात चूक लपते कुठे? इतक्या वर्षांचा माझा अनुभव असा, की ती पुस्तकात एकदाच आलेल्या शब्दात लपते. 'निवेदन' पन्नास वेळा बरोबर येतं, एकदा 'निवदेन' येतं, आणि सरावलेला डोळा तेही 'निवेदन'च वाचतो. तेव्हा एकदाच आलेल्या सगळ्या शब्दांची यादी काढायची आणि प्रत्येकाच्या अगदी जवळचा, एखाद्या अक्षराच्या फरकाचा दुसरा शब्द पुस्तकात आहे का, ते बघायचं. माणसाला हे करायला महिने लागतील. भाच्याने त्यासाठी पायथन भाषेत चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहून पाठवला आणि म्हणाला, लॅपटॉपवर चालव. माझ्याकडे लॅपटॉप नाही. "मग टॅबवर इश टाकून घे."

इश! हेच ॲपचं नाव. ऑक्टोबर २०२० पासून ॲप स्टोअरवर आहे, फुकट आहे. उघडलं की ना चित्रं, ना बटणं. काळा पडदा आणि लुकलुकणारा ठोकळा. आत आल्पाइन नावाचं छोटंसं लिनक्स. भाच्याने सांगितलेली एक ओळ टाइप केली आणि पायथन उतरलं, बसलं, तयार झालं. मी दोन अधिक दोन टाइप केलं. चार आले. एवढ्या साध्या उत्तराने अंगावर काटा येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ज्या काचेवर मी नुसत्या खुणा करत होते, तिच्या आत मी लिहिलेलं मानणारा एक संगणक होता!

मग पुस्तक आत सारलं आणि प्रोग्राम सुरू केला. एक तास दहा मिनिटं लागली. पडदा विझू न देता मी शेजारी बसून राहिले आणि उत्सुकतेपोटी दुसऱ्या खिडकीत तो प्रश्न विचारला: तू कोण?

आय ६८६ ही इंटेलच्या १९९५ सालच्या पेंटियम प्रोची वंशावळ. त्या चिपमध्ये सुमारे ५५ लाख ट्रान्झिस्टर होते. माझ्या आयपॅड एअरमध्ये आहे ॲपलची एम-वन, तिच्यात १६०० कोटी. तिची भाषाच वेगळी आहे, आर्म घराण्याची. मग ही आजची चिप तीस वर्षांपूर्वीच्या परक्या चिपचं सोंग का घेते?

कारण इशच्या आतलं लिनक्स आणि पायथन इंटेलच्या भाषेत आहेत. चिप आणि ते यांच्यामध्ये एक दुभाषी बसलेला आहे. पायथन इंटेलच्या भाषेत एक आज्ञा देतं, दुभाषी ती ऐकतो आणि तिचा आर्म भाषेतला अर्थ चिपकडून करवून घेतो. मग पुढची आज्ञा. एकच आज्ञा दहा लाख वेळा आली तरी दहा लाख वेळा दुभाष्यामार्फतच. सभेत वाक्यावाक्याला थांबून सांगावं तसं.

पण कुठलाही शहाणा अनुवादक असं करत नाही. तो एकदा अनुवाद करतो, कागदावर उतरवतो आणि पुढच्या वेळी तो कागद वाचतो. संगणकातही हे तंत्र जुनं आहे. आज्ञांचा एक गठ्ठा घ्यायचा, चिपच्या भाषेत तिथल्या तिथे उतरवायचा, मेमरीत ठेवायचा आणि पुढे तो थेट चालवायचा. त्याला 'जिट' म्हणतात, ऐनवेळी केलेला अनुवाद. मग इश तो का करत नाही?

इथे मी उठून पाणी प्यायले, कारण या प्रश्नाच्या उत्तरात सगळं आहे.

आयपॅडवर ॲपला मेमरीच्या पानावर हवं ते लिहिता येतं. पण स्वतः लिहिलेलं पान चालवता येत नाही. चालेल तेच पान, ज्यावर आधी तपासून उमटवलेली डिजिटल सही आहे. ऐनवेळी केलेल्या अनुवादावर ती सही कशी असणार? तेव्हा दुभाष्याला अनुवाद करायची मुभा आहे, तो कागदावर उतरवायचीही मुभा आहे, पण तो कागद सभेत वाचायला मनाई आहे. एका पानाचा नियम! चिपची ताकद, रॅम, तापमान, यातल्या कशाचाही त्या तास-दहा मिनिटांशी संबंध नव्हता.

इश लिहिणाऱ्यांनी या मनाईतून काढलेली वाट पाहून तर मी थक्क झाले. त्यांनी आर्म भाषेतले बारीकबारीक तुकडे आधीच लिहून ॲपमध्ये घातले. ॲपबरोबर त्यांच्यावरही सही झाली. आता दुभाषी नवं काही लिहीतच नाही. सही झालेल्या तुकड्यांची माळ ओवतो आणि एका मण्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. कायदा मोडला नाही आणि काम झालं. हळू झालं, पण झालं.

एवढं कळल्यावर पुढची गोष्ट करून पाहिल्याशिवाय झोप कशी येईल? ए-शेल नावाचं दुसरं फुकट ॲप आहे. त्यातलं पायथन मुळातच आर्म भाषेत बांधलेलं आहे, ॲपबरोबर सही होऊन येतं. दुभाषी मध्ये नाहीच. तोच आयपॅड, तेच पुस्तक, त्याच चाळीस ओळी. वेळ लागला अडीच मिनिटं! मी चहा ठेवायला उठले होते, पाणी उकळायच्या आत यादी तयार होती.

आणि हे शिखर नव्हतंच. ए-शेलमध्ये सी भाषेचा प्रोग्रामही लिहून चालवता येतो. भाच्याने तोच हिशोब सी-मध्ये करून पाठवला. चार सेकंद. "त्यातला बराचसा वेग सी भाषेचाच आहे हां," त्याने बजावलं, आणि ते मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण मला वेगळाच प्रश्न पडला होता. मी आत्ता, माझ्या घरात, नवीन प्रोग्राम तयार करून चालवला. त्यावर कुणाची सही होती? कुणाचीच नाही! मग तो चालला कसा?

उत्तर ऐकून मी अक्षरशः टाळी वाजवली. ए-शेल सी-चा प्रोग्राम वेब-असेंब्ली नावाच्या भाषेत उतरवतं, म्हणजे ज्या भाषेत आजकालच्या वेबपानांतले जड खेळ आणि नकाशे असतात त्या भाषेत, आणि तो ब्राउझरच्या इंजिनाकडे देतं. आयपॅडवर ॲपलच्या ब्राउझर-इंजिनाला ऐनवेळी अनुवाद करायची मुभा आहे. मनाई सगळ्यांना, किल्ली एकाकडे. २०११ पासून सफारीकडे ही किल्ली आहे. २०१४ पासून इतर ॲपनाही आपल्या आत वेबपान उघडून या किल्लीचा लाभ घेता येतो, मात्र ते इंजिन ॲपपासून वेगळ्या कोठडीत चालतं. म्हणजे आपण रोज बातम्यांचं एखादं पान उघडतो, तेव्हा हा टॅबलेट सही नसलेलं नवंकोरं यंत्रभाषेतलं लिखाण तयार करतो आणि चालवतो. दिवसातून कितीतरी वेळा. ज्याला तो 'येत नाही' असं आपल्याला वाटतं, ते तो सतत करत असतो!

मग हा नियम आहे तरी कशासाठी? मी दोन दिवस याच प्रश्नाने झपाटले होते.

पहिलं कारण खरं आहे आणि मी त्याच्या बाजूने बोलणार आहे. माझी आई ८१ वर्षांची आहे. ती टॅबलेटवर भजनं ऐकते, नातवंडांशी बोलते, समोर येईल त्या पाटीवर बोट ठेवते, आणि आजवर तिच्या टॅबलेटचं काही बिघडलेलं नाही. ॲप स्टोअरवर ॲप जातं ते तपासून. पण तपासणीनंतर ॲपला स्वतःच्या पोटात नवं लिखाण तयार करून चालवता आलं, तर तपासणीला अर्थ काय? घुसखोरांची जुनी युक्तीच ही असते: आधी मेमरीत आपलं विष लिहायचं, मग यंत्राला ते चालवायला लावायचं. लिहिलेलं पान चालणारच नाही असं ठरवलं की ती युक्ती अर्धी मेली. हे कुलूप आईसारख्या लाखो माणसांचं रक्षण करतं.

पण ते पुरं कारण नाही, आणि हे मी ठामपणे म्हणते, कारण पुरावा ॲपलनेच ठेवलाय. हीच एम-वन चिप नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकबुक एअरमध्ये आली. त्यालाही पंखा नाही, माझ्या आयपॅडसारखाच. तिथे ॲपने रीतसर परवानगी घेतली की ऐनवेळी अनुवाद करता येतो. तिथे तर रोझेटा नावाचा दुभाषी ॲपलने स्वतः बसवला, जो इंटेलच्या भाषेतले प्रोग्राम आर्ममध्ये उतरवून ठेवतो, आणि इतका झरझर, की वापरणाऱ्याला जाणवतही नाही. तीच चिप, तीच कंपनी, तेच काम. तिथे दारात पायघड्या आणि इथे कुलूप.

दुसरं कारण पैशाचं. आर्थिक वर्ष २०२४ मध्ये ॲपलने सुमारे ३० अब्ज डॉलरचे मॅक विकले आणि सुमारे २६.७ अब्ज डॉलरचे आयपॅड. काचेची पाटी सगळंच करू लागली, तर एकाच घरात दोन्ही कशाला घेतील? आणि ॲप स्टोअरमधल्या विक्रीवर १५ ते ३० टक्के वाटा कंपनीचा. कुठलाही प्रोग्राम कुठूनही आणून पूर्ण वेगाने चालवता आला, तर दुकानाला वळसा घालून जाणारे रस्ते तयार होतात. मेमरीतल्या एका पानाचा नियम त्या रस्त्यांवरही आपोआप फाटक बसवतो. हा माझा निष्कर्ष आहे आणि मला तो टाळता येत नाही.

हे एकट्या ॲपलचं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सरफेस आरटी आणला. त्यात विंडोजचा ओळखीचा डेस्कटॉप होता, पण त्यावर बाहेरचा एकही डेस्कटॉप प्रोग्राम बसवता येत नव्हता. लोकांनी पाठ फिरवली आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलरचा फटका हिशोबात दाखवला. अँड्रॉइडनेही २०१९ मध्ये असाच नियम कडक केला. नवीन नियमांनुसार बांधलेल्या ॲपला स्वतःच्या लिहिण्याच्या जागेतली फाइल चालवता येईना, आणि टर्मक्स या लिनक्सवेड्यांच्या लाडक्या ॲपची पंचाईत झाली. आणि मग २०२५ मध्ये गूगलनेच पिक्सेल फोनवर डेबियन लिनक्सची खिडकी दिली, वेगळ्या आभासी यंत्रात कोंडून! दोन्ही साधता येतं तर. कुलूपही आणि खिडकीही.

हे सगळं वाचताना मला सर्वांत जास्त भावला तो यूटीएमचा किस्सा. हे ॲप आयपॅडच्या पोटात सबंध जुना संगणक उभा करतं. जून २०२४ मध्ये ते ॲप स्टोअरने नाकारलं, जुलैमध्ये स्वीकारलं, पण अनुवादाच्या किल्लीविना. म्हणून त्याच्या नावापुढे 'एसई' ही अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ 'स्लो एडिशन', संथ आवृत्ती! इशवरही नोव्हेंबर २०२० मध्ये गंडांतर आलं होतं. काढून टाकण्याची सूचना आली, लोकांनी आवाज उठवला, ॲपलने दिलगिरी व्यक्त केली आणि ॲप राहिलं. मी ते वापरू शकले, ते कुणीतरी तेव्हा बोललं म्हणून.

एक युक्ती सांगायची राहिली आणि ती सांगितलीच पाहिजे. आयपॅडवर दुसरं ॲप उघडलं की आधीचं थोड्याच वेळात गोठतं. बॅटरी वाचते, पण माझा तासाभराचा हिशोबही थांबतो. नकाशाच्या ॲपला मात्र मागे राहून चालत राहायची मुभा असते, रस्ता सांगायचा असतो म्हणून. तर इशमध्ये एक ओळ लिहायची: माझं ठिकाण सतत वाचत राहा आणि वाचलेलं फेकून देत राहा. बस! प्रणालीला वाटतं हे ॲप रस्ता दाखवतंय, आणि आत पायथन शांतपणे शब्द मोजत राहतं. हे ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं त्याला माझा नमस्कार.

फाटकं उघडतातही, हे मला मुद्दाम सांगायचंय. २०२२ मध्ये स्टेज मॅनेजर नावाने सरकत्या खिडक्या आल्या तेव्हा त्यासाठी एम-वन हवीच असं सांगितलं गेलं. काही महिन्यांतच २०१८ आणि २०२०च्या आयपॅड प्रोलाही त्या मिळाल्या. आणि सप्टेंबर २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये तर खऱ्या, हव्या तशा ओढता येणाऱ्या खिडक्या २०२० च्या साध्या आयपॅडपर्यंत पोचल्या. त्याच आवृत्तीने लांबलचक कामं मागे चालू ठेवायची रीतसर सोयही ॲपना दिली. मेमरीचंही तसंच. २०२१ मध्ये १६ जीबीचा आयपॅड प्रो आला, तेव्हा एका ॲपला सुमारे ५ जीबीच वापरता येत होती. त्याच वर्षीच्या नव्या आवृत्तीने ॲपला जास्त मागायची सोय दिली. विकलेल्या यंत्रातली चिप बदलली नव्हती. बदलला तो निर्णय.

आणि हे स्वप्न किती जुनं आहे! १९७२ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ॲलन के यांनी डायनाबुकची कल्पना मांडली. वहीएवढा, काखोटीला मारून नेता येईल असा संगणक, सर्व वयांच्या मुलांसाठी. तंत्रज्ञान तयार नव्हतं म्हणून पुठ्ठ्याचा नमुना केला. त्यांच्या कल्पनेत मूल त्यावर वाचणार होतं तसंच स्वतःचे प्रोग्राम लिहिणारही होतं. २०१० मध्ये आयपॅड आला, हुबेहूब ती वही! आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, मुलांनी स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत केलेले प्रोग्राम आयफोनवर दाखवणारं ॲप स्टोअरमधून काढलं गेलं, कारण इतरत्र लिहिलेला प्रोग्राम चालवणं तेव्हाच्या नियमात बसत नव्हतं. त्या वेळचं स्क्रॅच ज्या स्क्वीक प्रणालीवर उभं होतं, ती के यांच्याच गटाने घडवलेली. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. नंतर नियम सैल झाले. २०१७ मध्ये शिकण्या-शिकवण्याच्या ॲपना बाहेरचे प्रोग्राम आणायची मुभा मिळाली, अट अशी की ते वापरणाऱ्याला पूर्ण वाचता आणि बदलता आले पाहिजेत. ही अट मला फार आवडली. आणि २०२१ च्या डिसेंबरपासून ॲपलच्याच स्विफ्ट प्लेग्राउंड्समध्ये आयपॅडवर बसून ॲप तयार करून थेट स्टोअरकडे पाठवता येतं. पुठ्ठ्याच्या वहीत पन्नास वर्षांनी अक्षर उमटलं!

काल रात्री भाच्याला विचारलं, सी शिकायला मला किती दिवस लागतील? "मावशी, तू ऱ्हस्व-दीर्घ शोधतेस, अर्धविराम तर सहज शोधशील," तो म्हणाला. सी भाषेत अर्धविराम विसरला की प्रोग्राम अडतो म्हणे. मग पहिला प्रोग्राम मी स्वतः लिहिला, पाच ओळींचा. दोनदा अडला, दोन्ही वेळा अर्धविराम. तिसऱ्यांदा काळ्या पडद्यावर देवनागरीत 'नमस्कार' उमटलं.

नंतर प्रवासवर्णनाची यादी घेऊन बसले. एकदाच आलेल्या शब्दांपैकी २१४ शब्दांना जवळचा शेजारी सापडला होता. बरेचसे बरोबरच होते, 'वाट' आणि 'वात', 'घाट' आणि 'घात'. एकशे सदतिसाव्या ओळीला 'नदीकिनार्‍यावर' होता, सोळा वेळा आलेल्या 'नदीकिनाऱ्यावर'च्या शेजारी. अर्धा र जुन्या पद्धतीचा, डोळ्याला जवळजवळ सारखाच, आणि तीन प्रुफांतून सुटलेला. पान ३०२, ओळ अकरावी. पेन्सिल घेतली आणि खूण केली.